बाबा ग्लेशियरला आले नाहीत

२ मे
ग्लेशियरचा वेबकॅम: उणे सहा. ऊन. वर दोन माणसं आणि एक मशीन दिसतंय. इथे बहरीनला, जुफैरच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर एकोणचाळीस.

बाबा हो म्हणाले!!! जेवताना. मी शंभराव्यांदा सांगत होते की आल्प्समध्ये हा एक ग्लेशियर आहे, तिथे बारा महिने स्कीइंग चालतं, ऑगस्टमध्येसुद्धा. बाबा बांगड्याचा काटा काढत म्हणाले, "मशीन न लावता थंड?"
हो.
"चोवीस तास?"
हो बाबा.
"मग बघायला पायजे."
बस. एवढंच. अठ्ठावीस वर्षं बहरीनच्या गच्च्यांवर चढून एसीचे मोठे चिलर दुरुस्त करणारा माणूस, बर्फ बघितलाय तो फक्त कॉइलवर जमलेला.

आई नाही येणार. "मी फ्रीजर उघडला तरी शिंकते." ती गणपतीला सरळ देवरुखला. आम्ही दोघं आधी सहा दिवस आल्प्स, मग तिकडूनच देवरुख. बाबांची मोठी रजा दोन वर्षांतून एकदा. म्हणजे हे चुकलं तर डायरेक्ट दोन वर्षांनी.

९ मे
शुक्रवार. झिंजला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पहिला क्लास. मी इनलाइन स्केट्सवर, बाबा सॉक्स घालून एन्ट्रन्सच्या गुळगुळीत लादीवर. स्कीवर थांबायचं कसं ते शिकवलं. पायाचे अंगठे जवळ, टाचा लांब, पिझ्झाचा तुकडा.
"पिझ्झा कशाला गो, त्रिकोण म्हण की सरळ."
तेवढ्यात साळवी काका आले. बाबांच्या कंपनीची व्हॅन चालवतात, खेडचे, मी केजीत होते तेव्हापासून घरातलेच. गाडीतूनच ओरडले, "काय हो मोरे, या वयात भरतनाट्यम?"
बाबा हसताना घसरले, खांब धरला. पण टाचा लांबच ठेवल्या. गुड स्टुडंट.

(खरं सांगायचं तर माझा एक्स्पीरियन्स म्हणजे दुबईच्या इनडोअर स्लोपवर दोनदा, टोटल चार तास. बाकी सगळं व्हिडिओ. इथे लिहायला हरकत नाही, मराठीत लिहिते कारण ऑफिसमध्ये कोणाला वाचता येत नाही.)

१८ मे
व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली, ३ जून! दोन आठवडे रिफ्रेश रिफ्रेश.

कागद गोळा केले. बाबांच्या कंपनीचं लेटर: सिनियर चिलर सुपरवायझर. छान. मग सीपीआरचा प्रिंट काढला, रेसिडेन्ट कार्डाची सगळी माहिती असते तो. ऑक्युपेशन: मेसन. गवंडी.
हा घरातला जुना जोक आहे. भिंतीत खिळा वाकडा गेला की आई म्हणते, "आणि म्हणे गवंडी!" बाबा आले तेव्हा कंपनीकडे गवंड्याचेच व्हिसे उरले होते, म्हणून गवंडी म्हणून आले. पुढे कोणी बदललंच नाही. आपल्यातले अर्धे लोक असेच. साळवी काका कागदावर सुतार आहेत.
पण आता लेटर एक म्हणतंय, कार्ड दुसरंच. बाबांना दाखवलं.
"अठ्ठावीस वर्षं कोणी विचारलं नाय. तू पण नको विचारू."

२१ मे
विचारलं.
म्हणजे बाबांना नाही. सगळ्या फोरमवर लिहिलंय की असं मिसमॅच असेल तर रिजेक्ट होतं, एम्प्लॉयरकडून क्लॅरिफिकेशन जोडा. मग बाबांच्या एचआरला मेल केला. तीन पॅरा. माय फादर हॅज बीन वर्किंग अॅज अ सुपरवायझर फॉर ओव्हर ट्वेंटी इयर्स, हाउएव्हर हिज कार्ड स्टिल सेज मेसन, वगैरे. वाचून स्वतःलाच भारी वाटलं. शाळेत इंग्लिशमध्ये पहिली यायचे ते कुठेतरी कामाला आलं.
बाबांना सांगितलं नाही. लेटर आलं की सरप्राइज.

२६ मे
रिप्लाय नाही. रिमाइंडर पाठवला. सीसीमध्ये जनरल मॅनेजर. फोरमवर म्हणतात एस्कलेट केल्याशिवाय गल्फमध्ये काही हलत नाही.

वेबकॅम: उणे दोन. ढग.

३ जून
व्हिसा सेंटर. एचआरकडून काही आलंच नाही, तशीच फाइल दिली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट, वर पेन. पेन कशाला? "असावं."
काचेमागच्या बाईने विचारलं, सर, व्हॉट इज युअर जॉब?
"चिलर, मॅडम. कूलिंग."
तिने प्रिंट बघितला. मेसन?
बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला लागले तर ती म्हणाली, लेट हिम आन्सर प्लीज.
"येस मॅडम. मेसन ऑल्सो."
बाहेर गाडीत बसल्यावर म्हणाले: "खोटं बोललो काय खरं, माझं मलाच कळलं नाय."

१९ जून
माझा व्हिसा आला. बाबांचा नाही.
एका छापील कागदावर एका चौकोनात टिक. इन्फॉर्मेशन नॉट रिलायबल. बाबांनी चष्मा लावून वाचला. "रिलायबल म्हणजे भरवशाचा, ना?"
हो.
"हं. म्हणजे भरवशाचा नाय मी."
हसले. आई पण हसली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

२० जून
अपील करता येतं, पण महिने लागतात. ऑगस्ट गेला.
मी म्हटलं कॅन्सल करूया. बाबा म्हणाले, "तू जा."
आई: "एकटी? परक्या मुलखात? आणि काय करणार बर्फात एकटी?"
बाबा: "जन्मल्यापासून पोरीला एसीत ठेवली. बघू दे खरी थंडी. मला येऊन सांगेल."
मला जायचं नाहीये. मला जायचंय. दोन्ही.

८ जुलै
एचआरने बाबांना बोलावलं होतं. काय म्हणाले विचारलं तर "सही पायजे होती." कसली सही? "असते गो."
घरी येऊन आमच्या दोन्ही एसींचे फिल्टर धुतले. गेल्या रविवारीच धुतले होते.
मी मेलबद्दल सांगणार होते. सांगितलं नाही.

२४ जुलै
वेबकॅम: अधिक नऊ. अधिक! बर्फ राखाडी दिसतोय, मधे काळे पट्टे. दहातले तीनच स्लोप उघडे. साइटवर वर अजून तेच, वर्षाचे ३६५ दिवस.

१० ऑगस्ट
पोचले. खालचं गाव हिरवंगार, सत्तावीस डिग्री, लोक हाफ पँटमध्ये. गायींच्या गळ्यात घंटा. आयुष्यभर जे बघायचं होतं ते वर आहे, मान वाकडी करून दिसतं, पांढऱ्यापेक्षा करडंच जास्त.
हॉटेलच्या बाईने विचारलं, सेकंड गेस्ट? मी म्हटलं, कमिंग लेटर. का म्हटलं काय माहीत. तिने दोन टॉवेल ठेवले.

११ ऑगस्ट
सव्वासातला पहिली लिफ्ट. एकामागे एक तीन. टोक तीन हजार मीटरच्या वर. दार उघडलं आणि थंडी. आमच्या एसीची नाही. या थंडीला कुठून येते ती बाजूच नव्हती. सगळीकडूनच.
बर्फाला हात लावला. रडले. लिहून टाकलं, झालं.

आठ ते साडेदहा स्कीइंग. सात वेळा पडले. साडेदहानंतर सगळा लगदा, गोळेवाल्याच्या पेटीत तळाला उरतो तसा. स्की थांबली की बर्फाच्या आत पाणी वाहत असल्याचा आवाज. मधूनमधून दगड वर आलेत.
आणि कडेला भल्या मोठ्या पांढऱ्या चादरी पसरल्यात, बर्फ वितळू नये म्हणून. फोटो काढून बाबांना पाठवला. दोन मिनिटात व्हॉइस नोट: "हे लॅगिंग हाय, बाय. थंड पाण्याच्या पाइपाला आम्ही गुंडाळतो तसंच. पण जोडाला टेप नाय मारलेली. हवा आत जाते. सांग त्यांना."
लिफ्टवर एवढी हसले की समोरचा माणूस बघायला लागला.

सांगितलंच मग. लिफ्टवाला म्हातारा आहे, नाक उन्हाने सोललेलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, युअर फादर इज राइट. मग स्टेशनच्या छपराच्याही वर हात दाखवला. माझे वडील इथे कामाला होते तेव्हा बर्फ तिथपर्यंत होता, म्हणाला. टेप लावायची वेळ गेली.
हे बाबांना नाही सांगितलं. "थँक यू म्हणालेत" एवढंच.

१२ ऑगस्ट
वर पाऊस. बर्फावर पाऊस! लिफ्ट बंद. दिवसभर रूमवर. आईने दिलेलं मेतकूट आणि इथला पाव.

दुपारी बाबांना फोन केला, साळवी काकांनी उचलला. "मोरे आत हायत, एचआरकडे. फोन माझ्याकडे देऊन गेलेत."
परत एचआर? कशाला?
काका म्हणाले, "तुला सांगितलं नाय घरात?"
नाही.
"तू ते मेल कशाला केलंस गो?"

सगळं सांगितलं त्यांनी. माझा मेल जनरल मॅनेजरकडून वकिलाकडे गेला. गवंड्याच्या कार्डावर सुपरवायझरचं काम, आणि तेही आता लेखी, कंपनीच्याच मेलबॉक्समध्ये. उद्या इन्स्पेक्शन आलं तर कंपनी अडकेल. बाबांचा व्हिसा १६ ऑक्टोबरला संपतो. त्याच्या आत कार्ड बदललं तर रिन्यू, नाहीतर खलास. आणि कार्डावर सुपरवायझर करायला टेक्निकलचं सर्टिफिकेट लागतं. बाबा दहावी.
"मग सगळ्यांचीच कार्डं काढली बघायला. माझं पण," काका म्हणाले. "आता सुताराने व्हॅन कशी चालवायची?"
हसले. खरंच हसले.

१३ ऑगस्ट
दोन तास उघडलं. गेले. काय करणार रूमवर बसून.
आयुष्यातलं सगळ्यात बेस्ट स्कीइंग आज झालं. पहिल्यांदा दोन्ही स्की पॅरलल ठेवून वळले, एकदा नाही, चारदा. खाली येऊन वळून बघितलं, माझीच रेघ होती वर. कोणाला दाखवायची?
बाबांना फोन केला.
"पडलीस?"
नाही.
"मग काय शिकलीस."
मेलचं ते काही बोलले नाहीत. मीही नाही.
"तो वाऱ्याचा आवाज काय गो?"
वारा नाही बाबा, पाणी.
"पाऊस?"
नाही. खालून. ग्लेशियरचं.
"हं," म्हणाले. लीकेज ऐकल्यावर म्हणतात तसं.

१५ ऑगस्ट
लिफ्टच्या दारावर कागद. उद्यापासून उन्हाळ्याचं स्कीइंग बंद, परत कधी ते कळवू. ३६५ दिवसवाला मोठा बोर्ड त्याच्या शेजारीच. एक कपल बोर्डापाशी सेल्फी काढत होतं.
म्हणजे मी शेवटच्या दिवसाची गिऱ्हाईक. बघायला आले आणि संपलं. हात लावला की बंद पडतं असं काहीतरी आहे का माझं?
दुसरा टॉवेल घडी न मोडता परत दिला.

१७ ऑगस्ट
देवरुखला नाही गेले, सरळ बहरीन. बाबांना एचआरने सांगितलंय की हे मिटेपर्यंत रजा नाही. आई एकटीच गेली गणपतीला.
बाबा एअरपोर्टवर. "कशी होती थंडी?"
खूप काय काय ठरवलं होतं सांगायचं. तोंडातून आलं, "बाबा, तो मेल मी केला होता."
"ठाऊक हाय. दाखवला त्यांनी मला. चांगलं इंग्लिश होतं."
मला फक्त मदत करायची होती.
"मदत केलीस गो. मूठ झाकलेली होती, ती उघडून दाखवलीस. आत काय नव्हतंच, त्याला तू काय करणार."
घरापर्यंत रेडिओ लावला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२७ ऑगस्ट
गणपती. आईने व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली, सगळे चुलते बाबांच्या नावाने ओरडत होते, "परमेश कुठंय, परमेशला दाखव." बाबांनी मान खाली घालून हात जोडले. कोणीतरी विचारलं, "काय रे, यंदा रजा नाय दिली?" बाबा: "काम लय हाय."

१० सप्टेंबर
आईला रत्नागिरीला पाठवलं होतं. गल्फला यायच्या आधी बाबा दोन वर्षं मिरकरवाड्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते, बोटींसाठी लाद्या बनवायचे. मला हे माहीतच नव्हतं! मी त्यांना बर्फ शिकवत होते. तिथला अनुभवाचा दाखला मिळाला तर एचआरला दाखवता येईल.
आईचा फोन. कारखाना नाही राहिला. जागेवर जाळ्यांचं गोडाऊन. मालकाचा मुलगा भेटला, म्हणाला, "वडील गेले, कागद गेले, तुम्ही चहा तरी घ्या."
आईने चहा घेतला.

१९ सप्टेंबर
साळवी काका नोकरी सोडल्याच्या कागदावर सही करून आले. ३० तारखेला खेड, कायमचे. व्हॅनची चावी दिली.
मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "तोंड कशाला पाडलंस? गुडघे गेलेच होते माझे. बरंच झालं. मुलगा म्हणत होता कधीपासून, या आता."
मुलाशी त्यांचं तीन वर्षं बोलणं नाही. मला माहितीये. त्यांना माहितीये की मला माहितीये.
"मोरे, तुम्ही मात्र जाऊ नका हां. सुतार गेला तर चालतं, गवंडी गेला तर घर पडेल." बाबा एवढे हसले की खोकला आला. काका गेल्यावरही खोकत होते.

२२ सप्टेंबर
एक रस्ता निघाला! एचआर म्हणतंय ट्रेड टेस्ट देता येते. पास झालं की तेच सर्टिफिकेट. प्रॅक्टिकल आणि थिअरी. थिअरी कॉम्प्युटरवर, इंग्लिशमध्ये, साठ प्रश्न, एक तास.
मी लगेच कार्डं बनवली, रंगीत, एका बाजूला प्रश्न, एका बाजूला उत्तर. सत्तर झाली.

२८ सप्टेंबर
बाबांना सगळं येतं. नावं येत नाहीत.
सुपरहीट म्हणजे काय, बाबा?
"कसला?"
समजावलं.
"अगो ते होय. ते पाइपला हात लावला की कळतं."
परीक्षेत पाइप नसतो.
"मग कसली परीक्षा?"
सत्तरपैकी एकोणीस. काल सतरा. मी चिडले, मोठ्याने बोलले. बाबा "हो, हो" म्हणत कार्ड डोळ्यांजवळ धरून बसले, शाळेतल्यासारखे. मग मीच उठून गेले.

३ ऑक्टोबर
सत्तरपैकी एकतीस. पास व्हायला साठातले छत्तीस पाहिजेत.
आईने देवरुखच्या घराचं मागचं दार बदलून घेतलंय, न सांगता. "लागेल," म्हणाली.

५ ऑक्टोबर
वेबकॅम उघडला नाही, किती दिवस झाले. ऑफिसमधल्या मुलीने विचारलं, तुझी स्कीइंग ट्रिप कशी झाली, फोटो दाखव ना. दाखवले. वॉव म्हणाली. चादरींचा फोटो आल्यावर म्हणाली, हे काय, कोणी मेलंय का?

७ ऑक्टोबर
टेस्ट झाली.
सकाळी प्रॅक्टिकल. परीक्षकाने उठून हात मिळवला म्हणे बाबांशी, आणि स्वतःच्या घरच्या एसीचा प्रॉब्लेम विचारला. मग थिअरी. मी बाहेर गाडीत. एक तासाची परीक्षा, बाबा एक तास दहा मिनिटांनी बाहेर. पेन खिशात तसंच.
कशी गेली?
"पहिले पंचवीस केले. येत होते गो, तुझ्या कार्डांतलेच आले कितीतरी. मग वरच्या कोपऱ्यात ते घड्याळ उलटं पळताना दिसलं. त्याच्याकडेच बघत राहिलो."
आणि मग?
"मग बंद झालं. आपोआप."
पंचवीस. सगळे बरोबर असले तरी पंचवीस.
पण मग बाबांना आठवलं, बंद व्हायच्या आधी बऱ्याच ठिकाणी नुसतं दाबत गेले होते. किती ते आठवत नाही. दहा असतील, वीस असतील. रिझल्ट दहा वर्किंग डेजमध्ये. व्हिसा १६ तारखेपर्यंत. एचआरला फोन केला, रिझल्टपर्यंत थांबाल का. "इंशाल्ला," म्हणाला, आणि ठेवला.

परत येताना बाबांना साइटवरून फोन. बाब अल बहरीनच्या कमानीजवळ, बाजारातल्या एका जुन्या बिल्डिंगचं चिलर बंद पडलंय, खाली कपड्यांची दुकानं, गिऱ्हाईकं बाहेर पळतायत. नवीन माणसाला जमत नाही.
मी म्हटलं, जाऊ नका. तुम्ही कार्डावर गवंडी आहात ना, सांगा त्यांना.
"लोक गरमीत बसलेत," म्हणाले. इस्त्रीच्या शर्टातच गेले वर.

मी खाली गाडीत, हे लिहितेय. तीस मिनिटं झाली. मगाशी वरून चिलर सुरू झाल्याचा आवाज आला, दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. मग परत बंद. आता एक माणूस दुकानातून खुर्ची बाहेर आणून बसलाय आणि वर बघतोय. मीही.